पंधरा दिवसांनी सवय होते

आमच्या कामाची एक गंमत आहे. काम जितकं बिनचूक होतं, तितका त्या दिवशी गिऱ्हाइकाचा चेहरा उतरतो. फ्रीज दुरुस्त झाला की लोक आत हात घालून खूश होतात, पंखा फिरला की वर बघून हसतात. मी टीव्ही जुळवून दिला की घरातलं कोणीतरी हमखास म्हणतं, "आधी बरा होता की!"

मी परभणीत टीव्हीचं चित्र जुळवून देतो. पूर्वी टीव्ही दुरुस्त करत होतो. आता टीव्ही बिघडले की लोक पॅनेल बदलतात नाहीतर टीव्हीच बदलतात, त्यामुळे सोल्डरिंगचं काम जवळजवळ संपलं. दुरुस्तीतून मी जुळवणीकडे आलो. हे कसलं काम, असं मला जवळच्या नातेवाइकांनीही विचारलं आहे. नवा टीव्ही नवाच असतो, त्यात जुळवायचं काय?

सांगतो. दुकानात एका भिंतीवर वीस टीव्ही लावलेले असतात, वर ट्यूबलाइटचा लखलखाट असतो. तिथं ज्याचं चित्र सगळ्यांत भडक आणि निळसर, त्याच्यापुढे माणूस थांबतो. म्हणून कंपनी टीव्ही तसाच लावून पाठवते. घरी आणल्यावर तो तसाच राहतो. लिंबू पोपटी दिसतं, माणसं रंग दिल्यासारखी दिसतात, आणि महिन्याभरात घरच्यांना तेच खरं वाटायला लागतं.

एचडीआर व्हिडिओ आल्यापासून प्रकरण आणखी नाजूक झालं. जुन्या पद्धतीच्या व्हिडिओत उजेडाचं प्रमाण ढोबळ असायचं. एचडीआरमध्ये व्हिडिओ स्वतःच आकडा सांगतो, की पडद्याच्या या ठिकाणी इतका उजेड हवा. उजेड निट या मापात मोजतात. जुना व्हिडिओ शंभर निटांचा हिशोब धरून केलेला असे. एचडीआर हजारापर्यंत जातो, कधी चार हजारांपर्यंत. आपल्या घरातला मध्यम टीव्ही पाचशे-सहाशेला दमतो. त्याच्या वरचं चित्र कसं सांभाळायचं आणि अगदी खालचं, म्हणजे काळोखातलं, कसं दाखवायचं, हे जुळवावं लागतं.

त्यासाठी माझ्याकडे पेनड्राइव्हवर तपासणीची चित्रं आहेत. बघायला ती कंटाळवाणी. एकात काळ्या पडद्यावर वीस उभ्या पट्ट्या असतात. पहिली जवळजवळ काळी, पुढची केसभर उजळ, तिच्यापुढची आणखी केसभर. त्या मंद लुकलुकतात. टीव्ही नीट लावला असेल तर दुसऱ्या-तिसऱ्या पट्टीपासून लुकलुक दिसली पाहिजे. दुसऱ्या चित्रात हेच उलट, पांढऱ्यावर पांढऱ्या पट्ट्या. शेवटी पडद्यावर नुसता पांढरा चौकोन आणायचा, त्याला रंग मोजायचं मीटर टेकवायचं आणि लॅपटॉपवर आकडे बघत लाल, हिरवा, निळा यांचं प्रमाण पांढऱ्यावर आणायचं. खिडक्यांना लावायला मी छत्रीचं काळं कापड शिवून घेतलं आहे. टीव्ही आधी पाऊण तास चालू ठेवायचा, मग कामाला हात लावायचा. एका टीव्हीला साडेतीन-चार तास जातात.

प्रत्येक टीव्हीची मी वहीत नोंद ठेवतो. आधीचे आकडे, नंतरचे आकडे, खोलीतला उजेड, बसायची जागा पडद्यापासून किती फुटांवर. आणि एक माझी स्वतःची पद्धत: पट्ट्यांचं चित्र लावून घरातल्या प्रत्येकाला विचारायचं, "कितवीपासून दिसते?" तोही आकडा लिहायचा. मीटरला हे लागत नाही. पण घरच्यांना वाटतं, आपल्यालाही विचारलं.

काम झालं की तक्रारी दोनच. "अंधारं झालं" आणि "पिवळं झालं." दोन्हींना कारण आहे. निळसर पांढऱ्याला सरावलेल्या डोळ्याला खरा पांढरा पिवळट वाटतो. आणि एचडीआरमध्ये उजेडाचा आकडा ठरलेला असल्यामुळे उजेडाच्या खोलीत चित्र दबलेलं वाटतं. यावर माझं उत्तर ठरलेलं होतं: "पंधरा दिवस थांबा. डोळ्याला सवय होते. नाही झाली तर मी पहिल्यासारखं करून देईन." पहिल्यासारखं करून द्यायला मला क्वचितच कोणी बोलावलं.

परभणीतल्या एका लग्नाच्या व्हिडिओवाल्याने मला बोलावलं, कारण त्याने एचडीआरमध्ये शूट केलेलं लग्न वधूपक्षाने परत पाठवलं होतं. तो ज्या टीव्हीवर बघून व्हिडिओचे रंग ठरवायचा तोच निळा होता. निळा मारायला तो प्रत्येक लग्नात पिवळा ओतत होता. मी टीव्ही जुळवला आणि त्याचंच जुनं काम त्याला दाखवलं. तो डोक्याला हात लावून खाली बसला.

"म्हणजे भाऊ, तीन वर्षांच्या सगळ्या नवरीमुलींना मी कावीळ केली?"

"नवरीमुलींनाच नाही. नवरदेवांनाही."

"आन् वऱ्हाड?"

"वऱ्हाडही."

दुसरे पोखर्णीचे एक गृहस्थ. त्यांनी उत्सवाचा व्हिडिओ मोबाइलवर घेतला होता. मी टीव्ही जुळवल्यावर देवळावरच्या झेंड्याचा भगवा फिका झाला म्हणून ते रागावले. "देवाचा झेंडा फिका करायलाव का तुमी?" मी म्हणालो, पंधरा दिवस थांबा. ते दोन दिवसही थांबले नाहीत. दुसऱ्याच दिवशी दुपारी फोन आला. "आत्ता देवळासमोर उभा हाय. खरं हाय तुमचं. झेंडा तेवढाच फिका हाय." त्या फोनचा मला किती अभिमान वाटला, हे आज लिहायलाही लाज वाटते. कारण अशा फोनांमुळेच माझ्या डोक्यात बसलं, की मीटर आणि माणूस यांच्यात फरक पडला तर चूक माणसाची.

आता पिंगळीच्या उत्तमरावांचं सांगतो. हे सगळं लिहायला घेतलं ते त्यांच्यासाठी.

उत्तमराव एका जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातली सरकी काढायच्या कारखान्यात, चौतीस वर्षं कापसाची प्रत ठरवायचे. गाडी आली की हे वर चढायचे, तीन-चार ठिकाणांहून मूठ-मूठ कापूस काढायचे, उन्हाकडे धरून रंग बघायचे, दोन अंगठ्यांत धागा ओढून लांबी बघायचे आणि प्रत बोलायचे. ते बोलले की भाव त्याप्रमाणे. कापूस पांढरा, मलई रंगाचा की पिवळट, यात त्यांचा शब्द शेवटचा. वय साठीच्या पुढे गेलं तरी हंगामात जिनिंगचा मालक त्यांना बोलावून घ्यायचा.

टीव्ही त्यांच्या सुनेनं घेतला होता. सुनंदाताई शाळेत शिक्षिका, नवरा बाहेरगावी नोकरीला. चित्र नीट लावून द्या म्हणून त्यांनीच मला फोन केला. हंगाम नुकताच सुरू होत होता. सकाळी दहाला मी पोचलो, पडदे लावले, काम सुरू केलं. उत्तमराव खुर्ची घेऊन शेजारी बसले. त्यांना मीटरचं फार कौतुक वाटत होतं. हे पांढरं मोजतं, असं मी सांगितल्यावर ते हसले.

"मंग मला जिनिंगमंदी कशाला ठेवायलेत? हेच टेकवावं गाडीला."

दोनच्या सुमारास पांढरा जुळला. चूक इतकी कमी उरली होती, की माणसाच्या डोळ्याला ती कळू नये. मी पडद्यावर चौकोन ठेवून म्हणालो, "बघा काका, हा खरा पांढरा."

त्यांनी बराच वेळ बघितलं. मग मान हलवली.

"न्हाई साहेब. हा पांढरा न्हाई. पिवळा हाय. भिजलेल्या कापसाला येतो तसा पिवळा."

"काका, मीटर बघा."

"मीटर बघू द्या तुमाला. पांढऱ्यात मी चौतीस साल काढलेत."

सुनंदाताई म्हणाल्या, "मामा, भांडता काय त्यांच्याशी?"

"भांडायलो न्हाई. जे हाय ते सांगायलो."

मलाही चेव आला. मी म्हणालो, घरात कापूस आहे का? सुनंदाताईंनी आतून परडीभर कापूस आणला. मी खिडकीचं कापड बाजूला केलं, मूठभर कापूस त्यांच्या हातात दिला आणि म्हणालो, "आता हा बघा आणि तो बघा."

मला दोन्ही सारखे दिसत होते. सुनंदाताईंनाही. उत्तमरावांनी कापूस उजेडात धरला, बोटांनी उलगडला, जवळ नेला, लांब धरला.

"हा बी पिवळटच हाय," ते म्हणाले. "मागच्या सालचा असंल."

"मामा, परवा आणलाय की शेतातून."

त्यांनी कापूस परडीत ठेवला आणि बोटं धोतराला पुसली.

मग मी पट्ट्यांचं चित्र लावलं. कापड पुन्हा खिडकीला लावलं. मला दुसऱ्या पट्टीपासून लुकलुक दिसत होती. सुनंदाताई म्हणाल्या, तिसरीपासून. मी उत्तमरावांना विचारलं. ते पुढे वाकले. एकदा उठून पडद्याजवळ गेले, परत येऊन बसले.

"अकरावी," ते म्हणाले.

मी वहीत लिहिलं. मी, दोन. सूनबाई, तीन. उत्तमराव, अकरा.

त्या क्षणी मला शंका आली होती. हे मी कोणाला सांगितलं नव्हतं, म्हणून इथे स्पष्ट लिहितो. ताज्या कापसाला पिवळा म्हणणारा आणि अकराव्या पट्टीच्या आधीचं काही न दिसणारा माणूस माझ्यासमोर बसला होता. तक्रार टीव्हीची नाही, डोळ्यांची आहे, हा विचार माझ्या मनात येऊन गेला. "काका, एकदा डोळे दाखवून घ्या," एवढं एक वाक्य पुरलं असतं.

मी ते बोललो नाही. कारणं शोधायला गेलो तर दोन सापडतात. एक बरं दिसणारं: कापसाची प्रत बघणाऱ्या माणसाला, त्याच्या सुनेसमोर, ऐन हंगामाच्या तोंडावर, तुमची नजर गेली असं कसं म्हणायचं? दुसरं तितकं बरं नाही. मी वाद जिंकत होतो. त्यांचा आजार निघाला असता तर माझ्या जिंकण्याला काही अर्थ उरला नसता. आजारी माणसाशी वाद घालून जिंकण्यात काय मोठेपणा?

मी लॅपटॉप बंद करत म्हणालो, "काका, सगळ्यांना सुरुवातीला असंच दिसतं. पंधरा दिवस थांबा. डोळ्याला सवय होते."

उत्तमराव पडद्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "असंल साहेब. मशीन खोटं कशाला बोलंल."

त्यांचा आवाज खाली आला होता. मला वाटलं, पटलं.

सोळाव्या दिवशी त्यांचा फोन आला. दिवस मोजून केलेला. "साहेब, अजून अंधारंच दिसायलंय. माणसं कळत न्हाईत, आवाजावरून कळतंय कोण बोलायलंय ते." मी दुसऱ्या गावी कामात होतो. म्हणालो, दिवसा पडदा ओढून बघा, आणखी आठ दिवस द्या. महिन्याने पुन्हा फोन आला. मी तेच सांगितलं, थोडं लवकर उरकून. पहिल्यासारखं करून देईन, हा माझाच शब्द होता. त्याची त्यांनी आठवण केली नाही, मीही नाही. त्यानंतर फोन आला नाही. मी मनातल्या मनात त्यांचं नाव तक्रार मिटलेल्यांत घातलं.

पुढच्या हंगामात सुनंदाताईंचा फोन आला. टीव्हीबद्दल नव्हता.

"भाऊ, त्या दिवशी तुम्ही वहीत काहीतरी लिहिलं होतं ना, कोणाला कितवी पट्टी दिसते ते?"

"लिहिलं होतं. का?"

"डॉक्टर विचारायलेत, कमी कधीपासून दिसतंय. मामांना नक्की सांगता येईना."

मग त्यांनी सगळं सांगितलं. जिनिंगमध्ये पेडगावच्या एका शेतकऱ्याची गाडी आली होती. पहिल्या वेचणीचा चांगला कापूस. उत्तमरावांनी त्याला पिवळट म्हटलं. शेतकऱ्यानं आरडाओरडा केला, मालक आला, दुसऱ्या दोघांनी बघितलं. कापूस पांढराशुभ्र होता. मालकाने सगळ्यांसमोर काही म्हटलं नाही. संध्याकाळी एवढंच म्हणाला, उत्तमराव, आता आराम करा. त्यानंतर घरच्यांनी त्यांना जबरदस्तीने डॉक्टरांकडे नेलं. मोतीबिंदू पिकला होता, त्यामुळे पांढरं पिवळं दिसत होतं. तो काढता आला. पण मागे काचबिंदू होता. डाव्या डोळ्याची नजर बहुतेक गेली होती, उजव्याची कडेकडेने. काचबिंदूत गेलेली नजर परत येत नाही. थेंब टाकून फक्त उरलेली राखता येते.

"आम्ही किती दिवस म्हणत होतो, डोळे दाखवा," सुनंदाताई म्हणाल्या. त्यांच्या बोलण्यात राग नव्हता, म्हणून ते जास्त लागलं. "मामा एकच म्हणायचे. साहेबानं सांगितलंय, सवय होती म्हणून."

मी वहीच्या पानाचा फोटो पाठवला. तारीख, खोलीतला उजेड, अंतर आठ फूट, दोन, तीन, अकरा. माझ्या इतक्या वर्षांच्या नोंदींत डॉक्टरांच्या कामाला आलेली ती एकच नोंद. तीही वर्षभर उशिरा.

मी आकड्यांचा माणूस. डॉक्टरांच्या पुढच्या भेटीत त्यांना एक प्रश्न विचारायला मी सुनंदाताईंना सांगितलं: वहीतल्या त्या तारखेलाच आले असते तर किती नजर वाचली असती? डॉक्टर म्हणाले, आजच्यापेक्षा जास्त राहिली असती. किती, ते सांगता येणार नाही. याला आकडा नाही, हे मला अजून सोसत नाही. निम्मी म्हणाले असते तर निम्मीचं ओझं घेतलं असतं.

एका रविवारी सकाळी मी पिंगळीला गेलो. मीटर नेलं नाही. उत्तमराव ओसरीवर बसले होते. मी अगदी समोर येईपर्यंत त्यांनी वर बघितलं नाही. नाव सांगितल्यावर म्हणाले, "या साहेब. बसा. टीव्हीचं बघायला आलाव का?"

"हो. काका, तुम्हाला दिसेल तसा लावून देतो."

आम्ही आत गेलो. पडदे उघडेच ठेवले. मी रिमोट घेऊन एकेक गोष्ट वाढवत गेलो आणि ते सांगत गेले. "अजून. अजून थोडं. हां, आता तोंडं दिसायली." उजेड टोकाला गेला. काळोखाचा राखाडी झाला. मी आजवर कोणाच्या घरी असं चित्र सोडून आलो नव्हतो. पडद्यावर एक बाई स्वयंपाक करून दाखवत होती. उत्तमराव मान डावीकडे वळवून, उजव्या डोळ्याच्या मधल्या भागात चित्र आणून तिच्याकडे बघत होते. त्यांनी मला सांगितलं, ती कढईत काय घालते आहे. बरोबर सांगितलं.

सुनंदाताईंनी चहा आणला आणि त्या आत गेल्या. आम्ही दोघेच उरलो. टीव्ही चालूच होता.

"साहेब, एक विचारू का? त्या दिवशी मी अकरावी म्हणलो. तुमाला काही शंका आली होती का?"

नाही म्हणता आलं असतं. त्यांनी विश्वासही ठेवला असता. मी एकदा चुकीच्या बाबतीत त्यांचा विश्वास घेतला होता.

"आली होती, काका," मी म्हणालो.

त्यांनी कप बशीत ठेवला. ठेवताना बशीची कडा बोटाने चाचपली. बाहेर कोणीतरी हाक मारत गेलं, तिकडेही त्यांनी बघितलं नाही.

"मंग बोलायला काय भेत होता?" ते म्हणाले. "मी ज्याच्या मालाला पिवळा म्हणत होतो, त्याच्या तोंडावर म्हणत होतो. त्याचं सालभराचं पोट त्याच्यावर असायचं. तरी म्हणत होतो. मला सांगायला तुमाला काय झालतं?"

मी त्यांच्याकडे बघत बसलो. उत्तर द्यायचं सोडून मी बघतच बसलो आहे, हे त्यांना दिसत नव्हतं. थोड्या वेळाने त्यांनी विचारलं, "हितंच हाव ना साहेब, का गेलाव?"

"आहे," मी म्हणालो.